हरणाबाईनं लावून दिलेलं बाळ

बेंबळीत कुणाची शेळी व्याली आणि करडाला जवळ येऊ देईना, की माणूस जनावरांच्या दवाखान्यात जायच्या आधी हरणाबाईच्या दारात यायचा. गावाच्या कडेला पत्र्याचं घर, पुढं लिंब, लिंबाखाली काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या. हरणाबाई पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बुटकी. आवाज मात्र ओढ्यापलीकडच्या शेळीलाही दटावणारा. आलेल्या माणसाला ती आधी दोन शब्द सुनवायची.

"शेळीला काय म्हणून शिव्या घालायलास? तुझ्या बायकूला इचार, पहिल्या येळंला तिनं तरी पोराकडं कुठं बगितलं व्हतं!"

मग पदर खोचून त्याच्या मागं निघायची.

तिची रीत बापाकडून आलेली. एखाद्या शेळीचं करडू मेलेलं असतं आणि कास दुधानं तटतटलेली असते. दुसरीकडं एखादं करडू आईवाचून ओरडत असतं. दोघांना नुसतं समोरासमोर आणून भागत नाही. शेळी हुंगते आणि परका वास आला की शिंगावर घेते. हरणाबाई मेलेल्या करडाचं कातडं सोडवून घ्यायची, ते ओलं असतानाच पोरक्या करडाच्या पाठीवर सुतळीनं बांधायची आणि त्याला शेळीच्या मागच्या अंगानं सोडायची. शेळी मान वळवून हुंगायची, थबकायची, परत हुंगायची. मग घशातल्या घशात बारीक घुमायची आणि मागचे पाय फाकून उभी राहायची. थोड्या दिवसांत तिचं दूध करडाच्या अंगी लागलं, की कातडं काढून टाकायचं. तोवर करडालाच तिचा वास आलेला असायचा. याला हरणाबाई ‘लावून देणं’ म्हणायची.

शेजारची सारजाबाई एकदा हे बघून डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "मुकं जनावर, पण माया बग की गं. दुसरीचं लेकरू पाजतंय."

"माया न्हाय न् काय न्हाय. कास दुखती म्हणून पाजती. फुकट कुणी पान्हा सोडत न्हाय सारजे, जनावर न्हाय की माणूस न्हाय."

"मग तू कशाला उन्हातान्हाची लोकाच्या शेळ्यांमागं मरतीस?"

"लोकं नावाजतेत मला. ते काय कमी झालं व्हय?"

हे ती हसत म्हणायची, पण थट्टा म्हणून नव्हे. माणूस जे करतो ते कुठल्या ना कुठल्या दुखण्यावर उतारा म्हणून करतो, असं तिचं सरळ मत होतं. त्यात तिला कुणाचा कमीपणाही वाटत नसे. भुकेल्याचं पोट भरलं, दुखणारीची कास मोकळी झाली. अजून काय पाहिजे?

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात तिच्या घरात दोन पोटुशा बाया होत्या. एक लेक करिश्मा. कळंबला दिलेली, पहिलटकरीण म्हणून रिवाजाप्रमाणं माहेरी आलेली. दुसरी सून श्रीदेवी. ती तामलवाडीची, वीरप्पाची मुलगी. तिला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण सासरीच करायचं हरणाबाईनं ठरवलं. एका छपराखाली दोन बाळंतिणी नसाव्यात, एकीचं दुसरीला बाधतं, असं गावात मानतात. सारजाबाईनं दोनदा बजावलं.

"लेकीला माघारी धाड न्हायतर सुनंला बापाकडं धाड. हट नको करू."

"बाप काय शेकशेगडी करणार हाय व्हय तिची?" हरणाबाई म्हणाली. "माझ्या दावणीला दहा-दहा शेळ्या एकदम वितेत, कुणाचं कुणाला बाधत न्हाय."

नणंद-भावजय दुपारच्या लिंबाखाली पाय पसरून बसायच्या, चिंचा खायच्या, एकमेकींच्या पोटाला कान लावायच्या. कुणाचं पोट जास्त पुढं आलंय यावरून भांडायच्या. "माझं पोरगं तुज्या पोरीला मारंल बग," करिश्मा म्हणायची. श्रीदेवी म्हणायची, "माझी चावती."

श्रीदेवी आधी बाळंत झाली. मुलगी झाली, आणि पाचवीच्या आतच गेली. रात्री पाजून निजवली होती, सकाळी गार लागली. बालाजीनं, हरणाबाईच्या मुलानं, तिला दोन्ही हातांवर घेऊन शेताच्या बांधाला नेलं. बायकांनी श्रीदेवीच्या छातीला मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या, दूध वाळावं म्हणून. दूध काही वाळेना. ती भिंतीकडं तोंड करून पडायची, चोळी भिजून घट्ट व्हायची, अंगात ताप भरायचा.

ते दुःख शिळं व्हायच्या आतच करिश्माच्या कळा सुरू झाल्या. धाराशिवला नेली. मुलगा झाला. पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी रात्रभर हातपाय मारले. पहाटे जावयाच्या, योगीराजच्या, हातात बाळ दिलं गेलं आणि दुसऱ्या दारातून करिश्माला झाकून बाहेर आणलं.

योगीराज कळंबच्या मोंढ्यात कामाला. वाईट माणूस नव्हे. पण त्या दिवसानंतर त्याला बाळाकडं बघवेना. तो म्हणाला, "मामी, थोडे दिवस तुमीच सांभाळा. मला सुचंना." त्याची आई गिरिजाबाई तेव्हा कमरेच्या दुखण्यानं अंथरुणात होती. बाळ बेंबळीला आलं.

डब्याचं दूध बाळाला मानवेना, शेळीचंही नाही. पाजलं की ओकायचं, नाहीतर हगवण. पाय काडीसारखे झाले. रडण्याचा आवाजही निघेना, नुसतं तोंड उघडायचं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की आईचं दूध मिळालं तर बरं. सांगून उपयोग काय ते त्यांनाही ठाऊक होतं.

हरणाबाई बाळ मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. आत श्रीदेवी कण्हत होती. दार उघडंच होतं.

जे बाळ बांधाला नेलं, त्याच्याबरोबर त्याचे कपडेही पुरायचे असतात. हरणाबाईनं एक दुपटं मागं ठेवलं होतं. का ठेवलं, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. न धुतलेलं, दुधाचा आंबूस वास असलेलं, धान्याच्या कणगीमागं कोंबलेलं. तिनं ते काढलं. नातवाला त्यात गुंडाळलं. मांजरीच्या पावलांनी आत गेली आणि सुनेच्या पाठीशी बाळ ठेवून दिलं. अगदी तसंच, मागच्या अंगानं.

श्रीदेवीचं अंग आधी शहारलं. ती वळली. दुपट्यावर नाक टेकलं, आणि तिच्या चोळीतून दूध भळभळा वाहायला लागलं. तिचं मन त्याच्या मागून आलं. तिनं बाळाचं तोंड बघितलं आणि अशी किंचाळली की दावणीच्या शेळ्या उभ्या राहिल्या.

"माझं न्हाय हे! आत्या, हे माझं न्हाय! तुमी काय केलंत?"

हरणाबाई उंबऱ्यापर्यंत मागं सरली. शेळी असं काही विचारत नाही.

बाळानं तोपर्यंत चोळीला तोंड लावलं होतं. कापडावरूनच चोखत होतं. श्रीदेवीनं त्याला ढकलायला हात उचलला. हात तसाच अधांतरी राहिला. मग तिनं हुक काढले, डोळे गच्च मिटले आणि बाळाला जवळ ओढलं. बाळ पिताना ती रडत होती, की मोकळं झाल्यानं तिला बरं वाटत होतं, ते हरणाबाईला उंबऱ्यातून कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

तिसऱ्या दिवशी श्रीदेवीनं स्वतःच ते दुपटं काढून चुलीत घातलं. "आता लागत न्हाय," एवढंच म्हणाली.

बाळाचं नाव कुलदीप ठेवलं. पावसाळा सरेपर्यंत त्याच्या मनगटाला वळ्या पडल्या. गावात श्रीदेवीचं नाव झालं. बायका म्हणायच्या, देवमाणूस आहे पोरगी, नणंदेचं पोर पोटच्यासारखं वाढवलं. कुणी असं म्हणालं की श्रीदेवी उठून आत जायची. सारजाबाईची जीभ मात्र वेगळी.

"हरणे, नशीबवान हैस. सुनंचा ताप उतरला, लेकीचं पोर जगलं आन् तुला नातू मिळाला. तुज्या शेळ्यांना तरी एवडं जमलं नसतं."

हरणाबाई एरवी उलटून बोलली असती. त्या दिवशी तिनं नुसती तंबाखू मळली. त्या दुपारी बाळ सुनेच्या पाठीशी ठेवताना आपल्या मनात कोण होतं, हे ती स्वतःला कधीमधी विचारायची. सून तापानं फणफणली होती हे खरं. बाळ मरायला टेकलं होतं हेही खरं. पण त्या बाळाच्या हनुवटीला करिश्मासारखी खळी होती, आणि ती खळी मातीत जाऊ द्यायची नाही, एवढंच त्या वेळी डोळ्यांपुढं होतं. सुनेचं दुखणं नंतर आठवलं.

दिवाळीनंतर योगीराजचे फोन यायला लागले. आईची कंबर आता बरी आहे. घर खायला उठतं. बाळाला घेऊन जावं म्हणतो.

हरणाबाईनं पहिल्या फोनपासून एकच धरून ठेवलं. "अजून अंगावरच पितंय ओ. वाटीला तोंड लावत न्हाय. दुसऱ्याच्या हातचं घेत न्हाय. नेलात तर पहिल्यावानी करंल."

आधी ते खरंच होतं. योगीराज घाबरून गप्प बसायचा. एकदा मरणातून उठलेलं लेकरू. त्याला धोका कोण पत्करणार? फोन ठेवला की हरणाबाई श्रीदेवीला म्हणायची, "तू काळजी करू नको. म्या असेपर्यंत कुणी नेत न्हाय तुजं लेकरू." श्रीदेवी भाकरी थापत असली तर थापत राहायची.

संक्रांतीच्या पुढं हरणाबाईच्या लक्षात आलं की बांडी शेळी संध्याकाळचं दूध कमी देतेय. तिनं शेळीला शिव्या घातल्या, चारा बदलला. बालाजी चहात जास्त घालतोय म्हणून त्याच्यावरही तोंड टाकलं. नुसत्या कासेकडं बघून कुणाची शेळी कधी पान्हा चोरते ते सांगणारी बाई. पण आपल्याच घरात बाळाला घेऊन खोलीचं दार लोटणाऱ्या सुनेकडं तिनं निरखून बघितलं नाही. बघायचं नव्हतं म्हणूनही असेल.

माघात गिरिजाबाई स्वतःच आल्या. बरोबर योगीराज, बाहेर जीप. योगीराजच्या कानावरचे केस पिकले होते. हरणाबाईनं ओसरीत सतरंजी टाकली, चहा टाकायला सांगितला. बोलणी आडवळणानं सुरू झाली, तुरीचं, लग्नसराईचं. मग गिरिजाबाईंनी पेला खाली ठेवला.

"हरणाबाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे न्हायती. पण लेकरू बापापाशी पाहिजे. हा रातचा उठून बसतो. मोबाईलमधी पोराचे फोटो बघत बसतो."

"आमी कुठं न्हाय म्हणतो?" हरणाबाई म्हणाली. "त्येचाच जीव हाय म्हणून. अजून अंगावर पितंय. वाटी बघितली की तोंड फिरवतंय. दोन वर्सांचा होऊ द्या. आन् या पोरीकडं बी बगा. तिचं एक गेलंय. ह्ये बी काढून घेतलं तर ती उभी ऱ्हाईल का? तिच्यासाठी तरी."

योगीराजनं मान खाली घातली. गिरिजाबाई रिकाम्या पेल्याशी चाळा करत बसल्या. हरणाबाईला वाटलं, झालं, अजून वर्षभर तरी निघालं.

श्रीदेवी आतून आली. कडेवर कुलदीप, हातात वाटी. सगळ्यांच्या पुढं भिंतीला टेकून बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि वाटी त्याच्या ओठाला लावली. कुलदीप दोन्ही हातांनी वाटी धरून घटाघटा प्याला. ओठावर दुधाची मिशी आली. तो आजूबाजूच्या नव्या माणसांकडं बघून हसला.

"पितो ओ, आत्या," श्रीदेवी म्हणाली. "लई दिस झालं. माझ्या अंगावर काय न्हाय आता."

हरणाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुण्यांपुढं ती खोटी पडली होती. योगीराजनं मात्र तिच्याकडं बघायचं टाळलं. "शेळीचंच हाय ना दूध? आमी बी शेळी बांधू," एवढंच तो म्हणाला, आणि ते त्यानं इतक्या हळू म्हटलं की हरणाबाईला त्याचा रागही धरता आला नाही.

तिच्याकडं एकच आशा उरली होती. बाळ परक्याकडं जाणार नाही, रडून आकांत करेल, ते बघून बापाचं काळीज हलेल. श्रीदेवीनं बाळाला बापाकडं दिलं. कुलदीपनं त्याच्या खिशातला पेन ओढला. गिरिजाबाईंनी हात पुढं केले तर त्यांच्याकडंही गेला, त्यांच्या बोरमाळेत बोटं अडकवून बसला. श्रीदेवीनं बांधलेलं गाठोडं जीपमध्ये ठेवलं. त्याला कुठल्या कुशीवर झोप येते, ताप आला तर काय चालतं, मुगाचं पाणी किती घट्ट लागतं, ते ती गिरिजाबाईंना सांगत होती. दुकानातल्या बाईनं गिऱ्हाइकाला सांगावं तशी.

जीप वळली. बाळ रडलं नाही.

"किती शहाणं लेकरू," सारजाबाई कुंपणापाशी म्हणाली, आणि पहिल्यांदाच पुढं काही न बोलता घरात गेली.

हरणाबाई दिवसभर रानात शेळ्यांमागं राहिली. दिवस कलता परत आली तेव्हा श्रीदेवी ओसरी सारवत होती. हरणाबाई काठी टेकून उभी राहिली.

"चार मान्सांत तोंडघशी पाडलीस मला."

"व्हय."

"तुज्यासाठीच म्हणत व्हते ना म्या?"

श्रीदेवीनं हात थांबवला नाही. "माझ्यासाठी न्हाय, आत्या. करिश्माताईसाठी. तवा बी आन् आज बी."

हरणाबाई खाली बसली. ओल्या शेणावर बसतोय हेही तिला समजलं नाही. म्हणाली, "खळी व्हती तिच्यावानी."

"म्या रोज बघत व्हते ना."

"मग कसं तोडलंस? कवा?"

"तुमी रानात गेल्यावर. आधी दुपारचं बंद केलं. मग सकाळचं. लई रडायचा पहिल्यांदा. चोळी ओढायचा. म्या कडुलिंबाचा पाला वाटून लावला. तोंड लावायचा न् माझ्याकडं असा बघायचा, आत्या... म्या काय केलं त्याला म्हणून." तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले. गालाला शेण लागलं. "रात्री एकदाच पाजायचे. मग ते बी सोडलं."

"जाणार व्हता म्हणून? तिथं रडू नये म्हणून केलंस व्हय पोरासाठी?"

हरणाबाईच्या विचारण्यात विनवणी होती. जन्मभर जे कधी मानलं नाही, ते आज कुणीतरी तिच्यापुढं व्हय म्हणावं, असं तिला वाटत होतं. श्रीदेवीनं हातातलं शेण बादलीत टाकलं. ती खोटं बोलणारी पोरगी नव्हती.

"ते बी असंल," ती म्हणाली. "पर एकदम तोडून नेलं असतं तर म्या ऱ्हायले नसते. एकदा ऱ्हायले, दुसऱ्यांदा जमलं नसतं. म्हणून रोज थोडं थोडं करून घेतलं. त्यात त्याचं किती न् माझं किती, मला न्हाय सांगता येत. आन् आता सांगून बी काय करायचंय?"

बालाजी दारात येऊन उभा राहिला, दोघींकडं बघून तसाच मागं फिरला. लिंबाखाली करडं आयांना ढुशा देत होती. बांडीला हाका मारायच्या होत्या, धार काढायची होती. हरणाबाई उठली नाही. तिनं हात पुढं केला आणि सुनेच्या गालाचं शेण पदरानं पुसलं. पुसून झाल्यावरही हात तिथंच राहिला.

"दुखतंय का गं?" तिनं विचारलं. छातीकडं बघत विचारलं, कारण दुसरीकडं बघून विचारायची तिला रीत नव्हती.

"न्हाय, आत्या. वाळलं सगळं."

दुखत असतं तर हरणाबाईला काहीतरी करता आलं असतं. पाणी तापवलं असतं, शेकलं असतं, रात्रभर उशाशी बसली असती. ती काठीकडं, शेळ्यांकडं, अर्ध्या सारवलेल्या जमिनीकडं बघत राहिली. मग शेणाच्या बादलीत हात घातला आणि सुनेच्या बाजूनं उरलेली ओसरी सारवायला लागली.